पहिली सुई स्वतःला : लसशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांची जीवनकथा

लसीकरण म्हटले की आपल्याकडे आठवते ते आरोग्य केंद्रात आईच्या कडेवर बसून आलेले तान्हे मूल. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाने स्वतः चालत जाऊन लस टोचून घ्यावी, ही कल्पना भारतीय घरांत अद्याप पुरती रुळलेली नाही. नागीण, न्यूमोनिया, इन्फ्लुएन्झा यांसारख्या आजारांपासून प्रौढांचे रक्षण करणाऱ्या लसी आज उपलब्ध आहेत. मात्र आपल्याला त्याची गरज काय, या वयात सुई कशाला, ताप आला तर काय, हे प्रश्न पुढे येतात आणि निर्णय लांबणीवर पडतो.

हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेगची लस तयार झाली, तेव्हा ती घ्यायची की नाही, याचा निर्णय कर्त्या स्त्री-पुरुषांना स्वतःसाठी घ्यावा लागला होता. त्या काळी देवीची लस भारतात परिचित होती. तिच्यासाठी १८८० मध्ये कायदा झाला होता आणि काही शहरांत मुलांना ती सक्तीची होती. प्लेगची लस मात्र समजूत घालूनच द्यायची होती. ती तयार करणाऱ्या माणसाने पहिली मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळच्या प्रसिद्ध संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांची ही कथा आहे. विश्वास कसा मिळवावा लागतो आणि तो एका बाटलीपायी कसा हातातून निसटतो, याची साक्ष त्यांच्या आयुष्यात मिळते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या काळ्या समुद्राकाठच्या बंदरात, एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण आणि शालेय शिक्षण अझोव्ह समुद्राच्या काठी बेर्डियान्स्क येथे झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांना इल्या मेच्निकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा सिद्धान्त पुढे याच मेच्निकोव्ह यांनी मांडला आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थिदशेतील हाफकिन केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारे नव्हते. झारशाहीविरोधी क्रांतिकारक गटांशी त्यांचा संबंध आला. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर दक्षिण रशियात ज्यूंवर संघटित हल्ले झाले, तेव्हा ओडेसातील ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यांना अटक झाली. मेच्निकोव्ह यांनी केलेल्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. पदवी मिळाली, तरी विद्यापीठात अध्यापकपद मिळण्यासाठी धर्मांतर करून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हावे लागेल, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी ती अट नाकारली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातील दुय्यम नोकरीवर समाधान मानले.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. लुई पाश्चर यांनी नुकत्याच स्थापन केलेल्या संस्थेत मेच्निकोव्ह आधीच दाखल झाले होते. मात्र तेथे हाफकिन यांच्यासाठी रिकामी जागा होती ती सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकांची व्यवस्था, उरलेल्या वेळेत प्रयोगशाळेतील काम आणि फावल्या वेळी व्हायोलिन, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी एमिल रू यांच्या हाताखालील सहायकाची जागा रिकामी झाली आणि ती हाफकिन यांना मिळाली. ती जागा सोडून पूर्वेकडे गेलेले संशोधक होते अलेक्झांडर येर्सिन. याच येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू ओळखला. एकाने सोडलेल्या जागेवर आलेला दुसरा माणूस पुढे त्याच जंतूविरुद्ध लस तयार करणार होता.

कॉलऱ्याविरुद्धचा पहिला प्रयत्न

एकोणिसाव्या शतकात कॉलरा, म्हणजेच पटकी, हा जगाला धडकी भरवणारा रोग होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथील अभ्यासातून त्याचा जंतू निश्चित केला होता. स्पेनमध्ये हायमे फेरान यांनी १८८५ मध्ये लस देऊन पाहिली होती, परंतु तिच्या उपयुक्ततेविषयी वैज्ञानिकांची खात्री पटली नव्हती. हाफकिन यांनी पाश्चर यांच्या पद्धतीचा आधार घेतला. जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक नेत त्यांची तीव्रता वाढवायची, दुसरीकडे उष्णता आणि हवेच्या झोतात वाढवून ती कमी करायची आणि प्रथम सौम्य, नंतर तीव्र अशा दोन मात्रा द्यायच्या, अशी त्यांची रीत होती.

प्राण्यांवर लस यशस्वी झाली, तरी माणसावर ती निर्धोक आहे का, हा प्रश्न उरलाच. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या आणि काही दिवसांत सर्व पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या रशियन मित्रांनी ती घेतली. त्या वेळी युरोपातही संशयाचा सूर होता आणि मायभूमी रशियाने या लसीत रस दाखवला नाही. प्रत्यक्ष साथीत लस पारखायची, तर ती जेथे रोग कायम ठाण मांडून बसला आहे अशा देशातच पारखावी लागणार होती. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे त्यापूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांचा भारताचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. वैद्यकीय पदवी नसलेला, रशियन नागरिक असलेला आणि धर्माने ज्यू असा हा तेहतीस वर्षांचा माणूस सत्ताधारी इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वर्तुळात उपराच होता. गावकऱ्यांच्या दृष्टीने तर तो सुई घेऊन फिरणारा आणखी एक गोरा साहेब. आग्रा येथे अर्नेस्ट हँकिन यांचे सहकार्य मिळाल्यावर उत्तर भारतातील लष्करी छावण्यांतून काम सुरू झाले.

कलकत्त्यातील कट्टल बागान या गरीब वस्तीत मार्च १८९४ मध्ये कॉलऱ्याने दोन मृत्यू झाले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे नवे रोगी आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते आणि त्यांतील सात जण दगावले. आकडे लहान होते, पण एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या माणसांची ती तुलना होती. वस्त्यांत सुरुवातीस दगडफेकही झाली होती. अशा वेळी हाफकिन आणि त्यांचे भारतीय डॉक्टर सहकारी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेत. शब्दांनी जे साधत नसे, ते त्या कृतीने साधे. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना ही लस देण्यात आली. स्वतः हाफकिन मात्र हिवतापाने जर्जर झाले आणि प्रकृतिस्वास्थ्यासाठी त्यांना युरोपला परतावे लागले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये त्यांनी लसीकरण केले.

मुंबईतील एक खोली आणि एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. बंदरातील धान्याच्या वखारी, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदीर यांच्या साथीने रोग फैलावला. माणसे गाठोडी बांधून रेल्वे स्थानकांकडे धावू लागली. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले आणि ७ ऑक्टोबर रोजी ते येथे दाखल झाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा होता. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण असा की मदतनीस आजारी पडत, सोडून जात. हाफकिन मात्र अहोरात्र काम करत राहिले. या वेळी त्यांनी कॉलऱ्याच्या लसीपेक्षा वेगळा मार्ग निवडला. जिवंत जंतूंऐवजी मारलेले जंतू वापरायचे ठरले. मांसाच्या रसात जंतू वाढवताना त्यावर तुपाचे थेंब सोडले जात. तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंची वाढ पाण्यात लोंबणाऱ्या धाग्यांसारखी खाली उतरे. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी जात आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे द्रावण तापवून जंतू मारले जात आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. पुढे हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना लक्षात घेऊन गोमांस व डुकराचे मांस टाळून बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला जाऊ लागला. लस घेणाऱ्याच्या मनाचाही विचार कृतीतच करायचा असतो, हे यातून दिसते.

डिसेंबरअखेर सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. त्यांनी घेतलेली १० घन सेंटिमीटरची मात्रा पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट होती. कडक ताप आणि वेदना सोसूनही त्यांनी काम थांबवले नाही. त्यानंतर महाविद्यालयातील अध्यापक, विद्यार्थी आणि शहरातील काही नामवंत पुढे आले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक स्पष्ट दिसला. तुरुंगातील कैदी किंवा मळ्यातील मजूर यांच्या स्वेच्छेला मर्यादा होत्या, हे आजच्या नजरेला खुपते आणि ते खुपायलाही हवे. तरीही सक्तीच्या त्या काळात लस ऐच्छिक असावी, हा हाफकिन यांचा आग्रह वेगळा उठून दिसतो.

सक्ती आणि संमती

तो काळ सक्तीचाच होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरे झडतीला घेतली, संशयित रोग्यांना घरातून ओढून नेले, देवघरे आणि स्वयंपाकघरेही सोडली नाहीत. १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. महाराष्ट्राच्या स्मृतीत प्लेग राहिला तो रोगाइतकाच या जुलमामुळे.

या वातावरणात सरकारी शिक्क्याच्या कोणत्याही औषधाविषयी संशय असणे स्वाभाविक होते. लस घेतल्याने माणूस नपुंसक होतो, मरतो, धर्म बुडतो, अशा अफवा पसरल्या. त्यांना उत्तर मिळाले ते समाजातील विश्वासू माणसांकडून. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी अनुयायांसमोर स्वतः लस घेतली आणि समाजातील हजारो लोक त्यांच्यामागे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली.

पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमण येथे १८९७ मध्ये झालेल्या साथीने लसीच्या बाजूने मोठा पुरावा दिला. तेथे लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ जण मरण पावले, तर लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात १८९८ मध्ये अधिक काटेकोर चाचणी झाली. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस आणि निम्म्यांना नाही, अशी विभागणी करून परिणाम मोजला गेला आणि तेथेही लस घेतलेल्यांतील मृत्यू फारच कमी आढळले. ही लस परिपूर्ण नव्हती. तिने दोन-तीन दिवस ताप येई, दंड सुजे आणि संरक्षण कालांतराने ओसरे. लस घेतलेल्यालाही रोग होऊ शकतो, फक्त त्याची शक्यता आणि मृत्यूचा धोका बराच घटतो, असा तिचा साधा हिशेब होता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच वास्तूत कॉलऱ्याने निधन झाले होते आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला होता. साथीने ओस पडलेली ती इमारत आता साथीविरुद्धच्या कामाचे केंद्र झाली. हाफकिन तिचे प्रमुख होते. ब्रिटिश सरकारचा किताब आणि नागरिकत्वही त्यांना मिळाले होते. ओडेसात दारे बंद झालेल्या माणसाला मुंबईने प्रतिष्ठा दिली होती.

मलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग बेफाम वाढला होता. तेथील सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरणाची मोहीम आखली आणि परळच्या प्रयोगशाळेकडे प्रचंड मागणी नोंदवली. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल केला. जंतू मारण्यासाठी उष्णता पुरेशी आहे, असे मानून कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. पुढील काही दिवसांत त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. साथीपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे करणारी ती माणसे होती. त्या सर्वांना एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून लस मिळाली होती. त्याच दिवशी तेथे वापरलेल्या इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. पंजाबातील मोहीम कोसळली आणि लोकांचा विश्वासही तिच्याबरोबर गेला.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बोलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयावर ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले.

तेथे त्यांनी कागदपत्रांशी एकट्याने झुंज सुरू केली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. मलकोवालमध्ये बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करता, सौम्य जंतुनाशकात नुसता बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते अनेक आठवडे बंद बाटलीत वाढले असते, तर बाटली उघडताच उग्र दुर्गंधी आली असती. तशी ती आली नसल्याचे बाटली उघडताना वास घेणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितले होते. रोगाची लक्षणे दिसण्यास लागलेला वेळही दूषितीकरण ऐन वेळी झाल्याकडे निर्देश करत होता.

हिवतापाच्या प्रसाराचे कोडे भारतात उलगडणारे नोबेलविजेते रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत वैज्ञानिकांचे संयुक्त पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. निरपराध ज्यू अधिकाऱ्याला शिक्षा देणाऱ्या फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

मात्र निर्दोष ठरणे आणि पूर्वपदी येणे यांत अंतर होते. ते भारतात परतले तेव्हा परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली नाहीत. कलकत्त्यातील एका लहान प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि नव्या लसींच्या चाचण्यांसाठी त्यांना वाव मिळाला नाही. आयुष्यातील सर्वाधिक अनुभवाची वर्षे अशी निघून गेली. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला परतले.

अखेरची वर्षे

हाफकिन अविवाहित राहिले. उतारवयात ते धर्मनिष्ठ ज्यू झाले. फ्रान्समध्ये काही वर्षे काढल्यानंतर ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले. पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या धार्मिक शिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती एका न्यासाला दिली आणि त्या शिक्षणाबरोबर विज्ञान व हस्तव्यवसायही शिकवले जावेत, अशी त्यांची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईने त्यांना त्याआधीच आठवणीत कायम केले होते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या होत्या. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. प्लेगने भारतात घेतलेले बळी सुमारे एक कोटीच्या घरात जातात. लसीने तो रोग संपवला नाही. उंदीर आणि पिसवांचे नियंत्रण, स्वच्छता आणि पुढे आलेली प्रतिजैविके यांचाही त्यात वाटा आहे. पण प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या अर्धशतकात माणसाच्या हाती जी ढाल होती, ती हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून आली होती.

आजच्या प्रौढांसाठी

हाफकिन यांच्या काळातील साथी आता ओसरल्या आहेत आणि भारतीयांचे आयुर्मान वाढले आहे. आयुष्य लांबले, तसे उतारवयातील आजारही पुढे आले. नागीण हा त्यांपैकीच एक. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो वर्षानुवर्षे दबा धरून राहतो. वय वाढले, मधुमेहासारखे आजार जडले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि असह्य आग होते. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन्‌महिने वेदना छळतात. कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही.

नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, असा समज महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. वैद्यकशास्त्रात त्याला आधार नाही. गेरूचा लेप देऊन वाट पाहत बसण्याऐवजी पुरळ दिसताच डॉक्टरांकडे जाणे श्रेयस्कर, कारण विषाणुरोधक औषधे पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात. डोळ्याजवळ फोड आल्यास दृष्टीला धोका संभवतो आणि तेथे तासभराचा विलंबही नको.

या रोगावरील लस भारतात ५० वर्षांवरील प्रौढांसाठी उपलब्ध आहे. विषाणूतील एका प्रथिनापासून ती बनते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. पन्नाशीनंतरच्या व्यक्तींवरील मोठ्या चाचण्यांत तिची परिणामकारकता ९० टक्क्यांहून अधिक आढळली. दंड दुखणे, थकवा, अंगदुखी, एखाद-दोन दिवस ताप हे परिणाम अनेकांना जाणवतात. पहिल्या मात्रेनंतरच्या या त्रासाने घाबरून काही जण दुसरी मात्रा टाळतात, तेथे संरक्षण अपुरे राहते. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही आणि ती महाग आहे, त्यामुळे ती कोणाला परवडते हाही प्रश्न उरतो. आपले वय, आजार आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगून हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे.

हाफकिन यांच्या हयातीत जे प्रश्न लोकांनी विचारले, तेच आजही विचारले जातात आणि ते विचारण्यात काहीच गैर नाही. मलकोवालने दाखवले की शंका नेहमीच अडाणीपणातून येत नाही. लस कितीही चांगली असली, तरी चिमटा स्वच्छ आहे की नाही, बाटली कशी उघडली, चूक झाल्यावर कोणी काय लपवले आणि कोणी काय मान्य केले, यावर तिच्यावरचा विश्वास अवलंबून असतो. दमण आणि उंढेरा यांनी हेही दाखवले की शंकेला उत्तर देता येते. ते उत्तर मोजून, तपासून आणि उघडपणे द्यावे लागते. घरातील ज्येष्ठांना लसीविषयी सांगताना मुलांनी आणि डॉक्टरांनी हीच रीत पाळली, तर सक्तीची आणि दटावणीची गरज उरत नाही.